नोकरी सोडायची की नाही, आणि त्याआधी माझे फोटो सुधारायचे कसे?

मुठेकाठची | २ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार. इथे गेली सहा-सात वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबला तर सांभाळून घ्या.

वय ३४. राहायला सिंहगड रोडला, नोकरी हिंजवडीत. कंपनीची बस सकाळी पावणेआठला येते, घरात पाऊल टाकायला रात्रीचे साडेआठ होतात. एका परदेशी विमा कंपनीचे आकडे सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरतात की नाही, हे तपासणाऱ्या टीममध्ये मी आहे. येत्या नोव्हेंबरात इथे पाच वर्षं होतील. पगार चांगला, माणसंही वाईट नाहीत. पण परवा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म भरायला बसले आणि 'या वर्षातली महत्त्वाची कामं' या रकान्यासमोर पाऊण तास तशीच बसून राहिले. एकही काम आठवेना. त्याच वर्षातला प्रत्येक फोटो मात्र कुठे काढला, ऊन कुठून येत होतं, शेजारी कोण उभं होतं, सगळं सांगता येईल.

कॅमेरा चार वर्षांपूर्वी घेतलेला, जुना, क्रॉप सेन्सरचा (म्हणजे आत उजेड टिपणारी चकती लहान असलेला). सोबतची १८-५५ झूम लेन्स आणि नंतर घेतलेली, झूम नसलेली ५० एमएम. शनिवार-रविवार पहाटे उठून वेताळ टेकडी, पर्वती, पाताळेश्वर. थंडीत भिगवणला रोहित पाहायला दोनदा जाऊन आले. मॅन्युअल मोड (सगळं आपणच ठरवायचं) जमतो, रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेल्या फाइलमध्ये काढते, संगणकावर थोडंफार संस्करण येतं.

डिसेंबरात धीर करून एका अनुभवी छायाचित्रकारांना ४० फोटो दाखवले. त्यांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "फोटो स्वच्छ आहेत. पण यातला एकही तुझा नाही." घरी आल्यावर मी ते चाळीसही फोटो पुन्हा बघितले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जास्त लागलं.

तर दोन प्रश्न. फोटो 'माझे' व्हायला काय करू? आणि नोकरी सोडून पूर्ण वेळ यात उतरावं का? नवरा नोकरी करतो, मुलगी दुसरीत आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे. घरातून विरोध नाही, पण काळजी आहे. मलाही आहे.

---

बिनधास्त_पेठकर | २ फेब्रुवारी, रात्री ११.५८

सोडा. ३४ हे वय परत येत नाही. रोज पाच तास बस आणि थकव्यात जाणार असतील तर शनिवार-रविवारवर कुणी कलावंत होत नाही. अर्धवट मन दोन्हीकडे ठेवलं की दोन्ही कामं अर्धवटच होतात. आपल्याकडे सगळे आधी हिशेब मांडतात आणि हिशेब मांडता मांडता निवृत्त होतात. मला राग येतो या गोष्टीचा.

---

कोकणकडा | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

मूल्यमापनाच्या रकान्याचं वाचून थांबलो. मीही आत्ता बसमध्येच आहे, वाकडच्या पुलाखाली अडकलेला. वाचतोय.

---

हिशेबनीस | ३ फेब्रुवारी, दुपारी १.१५

फोटोतलं मला कळत नाही, आकड्यांतलं कळतं. तेवढंच सांगतो.

नोव्हेंबरात पाच वर्षं होणार असतील तर ऑक्टोबरात राजीनामा देऊन मोकळ्या होऊ नका. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावर मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ४० हजार धरला तर पाच वर्षांचे साधारण १ लाख १५ हजार होतात. एक चांगली लेन्स आणि तीन-चार महिन्यांचा किराणा त्यात निघतो.

दुसरं, आरोग्य विमा. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ असतो आणि तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून पॉलिसी नोकरीत असतानाच काढायची. ती चालू झाली की प्रतीक्षेचे दिवस पगार येत असतानाच मोजले जायला लागतात. हे लोक विसरतात आणि नंतर फार महागात पडतं.

तिसरं, घरखर्च आणि हप्ता मिळून किमान वर्षभराची रक्कम बाजूला हवी. कॅमेऱ्याचे पैसे त्यातून काढायचे नाहीत. मोठं कर्ज घ्यायचं असेल तर पगाराच्या पावत्या हातात असतानाच घ्या, नंतर बँक दारात उभी करत नाही. जीएसटीचं मात्र आत्ता मनावर घेऊ नका. सेवेसाठी वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर सहसा नोंदणी लागत नाही.

---

जुना_रोल | ३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

मुठेकाठची, मी एका वर्तमानपत्रासाठी तीस वर्षं फोटो काढले. आता निवृत्त आहे, कसब्यात राहतो. 'तू' म्हणतो, चालेल ना?

तुझ्या ठिकाणांची यादी बघ. वेताळ टेकडी, पर्वती, भिगवण. ही सगळी आधीच सुंदर असलेली ठिकाणं आहेत. तिथे फोटो अर्धा तयारच असतो, आपण फक्त वेळेवर पोचायचं. पहाटे उठण्याचे कष्ट तू घेतेस, पण बघण्याचे कष्ट तिथे कमी पडतात. त्या माणसाला हेच म्हणायचं असावं.

मी सांगतो ते करून बघ. एकच जागा निवड. माझं ऐकशील तर तांबट आळी. सिंहगड रोडवरून अर्ध्या तासात येशील. पेशवाईपासून तिथे तांब्याचं काम चालतं, हंडे, घंगाळी, बंब. आता घरं थोडी उरली आहेत, पण ठोक्यांचा आवाज अजून गल्लीच्या तोंडाशी ऐकू येतो. दहा शनिवार तिथेच जायचं. पहिले दोन शनिवार कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. बसायचं, चहा घ्यायचा, काम बघायचं, कोण काय करतं ते विचारायचं. माणसांना तू कोण हे कळू दे आणि तुला मठारकाम म्हणजे काय हे कळू दे. भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके बसतात आणि ती खड्यांसारखी नक्षी उठते, ते मठारकाम. ठोका पडण्याआधी कारागिराचा डावा हात भांडं किती फिरवतो, हे तुला माहीत नसेल तर बटण कधी दाबायचं हे कॅमेरा सांगणार नाही.

तिसऱ्या शनिवारपासून एकच लेन्स, ५० एमएम. क्रॉप सेन्सरवर ती ७५ सारखी चालते, दृश्य आणखी जवळ ओढते, म्हणजे चार पावलं मागे जावं लागेल आणि जागा अरुंद आहे. अडचण होईल, होऊ दे. आणि एका फेरीत ३६ फोटो, जास्त नाही. आमच्या रोलमध्ये तेवढेच असायचे. तीसावा झाला की पुढचे सहा कशावर घालवायचे याचा विचार आपोआप सुरू व्हायचा. तो विचारच तुला हवा आहे.

आत उजेड कमी असतो. आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत बिनधास्त ने, थोडे दाणे आले तरी चालतील. शटर १/८० सेकंदाच्या खाली, म्हणजे त्याहून हळू गेलं तर तुझा हात हलेल, १/२५० च्या खाली त्याची हातोडी. कधी हातोडी हललेली हवी, कधी थांबलेली, हे तू ठरव. तांब्याची चकाकी पांढरी फटक पडते, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेव (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सावलीतलं नंतर थोडं उचलता येतं, जळालेली चकाकी परत येत नाही.

नोकरीचं मी आज बोलत नाही. दहा शनिवार होऊ देत.

---

उजेडवाट | ४ फेब्रुवारी, रात्री १२.२०

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. मी लग्नाचे फोटो काढतो, अकरा वर्षं झाली. त्याआधी मीही आयटीतच होतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मला हे काम मनापासून आवडतं आणि मी परत जाणार नाही, हे आधी सांगतो. पण 'पूर्ण वेळ छायाचित्रण' म्हणजे पूर्ण वेळ फोटो काढणं नव्हे. गेल्या वर्षी मी साधारण साठ दिवस कॅमेरा हातात धरला. उरलेले दिवस फोटो निवडणं, रंग जुळवणं, अल्बमची जुळणी, फोनवर बोलणं, राहिलेले पैसे मागणं. शेवटचं मला अजून जमत नाही. मुंजीचा अल्बम नेऊन दिल्यावर उरलेल्या रकमेसाठी पाच वेळा फोन करावा लागतो आणि प्रत्येक वेळी आपणच काहीतरी चूक केल्यासारखं वाटतं.

पैसा वर्षभर सारखा येत नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नसतो. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की चार महिने शांत. काढीव मुहूर्तावर लग्नं होतात, पण त्यावर घर चालत नाही. माझं पहिलं वर्ष मी ऑगस्टात सुरू केलं होतं. ती चूक करू नका.

आणि एक गोष्ट कागदावर घ्यायची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, तुम्ही नाही. म्हणून दोन ओळींचा का होईना, करार करायचा. फोटो मी माझ्या कामाचा नमुना म्हणून दाखवू शकतो, एवढं तरी त्यात हवं.

---

परतीचा_पाऊस | ४ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

मी नोकरी सोडून लहान मुलांच्या फोटोंचा स्टुडिओ काढला होता, कोथरूडला. अडीच वर्षं चालवला, बंद केला, पुन्हा नोकरीला लागले. हे लिहायला मला बरेच दिवस जड गेलं असतं, आता जात नाही.

स्टुडिओ तोट्यात नव्हता. पण मला फोटो आवडायचे म्हणून मी तो काढला नव्हता, तर माझ्या तेव्हाच्या साहेबांचं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून काढला होता. हे कळायला वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा हातात घेणं सोडलं. आज दुसऱ्या कंपनीत आहे, घरापासून पंधरा मिनिटांवर. आणि कॅमेरा परत हातात आला आहे.

म्हणून ताई, एवढंच विचारते. हीच नोकरी, पण घराजवळ आणि आठवड्यातून तीन दिवस घरून, अशी असती तर हा धागा काढला असता का? उत्तर इथे द्यायची गरज नाही.

---

बिनधास्त_पेठकर | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

सगळ्यांचा मान राखून सांगतो, ग्रॅच्युइटी, विमा, चातुर्मास, करार... या यादीत ती बाई घाबरून जाईल. कुणी मोठं काम केलं ते असं सगळं जुळवून केलं का?

---

दप्तरखाना | ४ फेब्रुवारी, सायंकाळी ७.२५

हो, केलं. लाला दीनदयाळ. एकोणिसाव्या शतकातले आपल्या देशातले सर्वांत नावाजलेले छायाचित्रकार. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचं शिक्षण, १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी. कॅमेरा हातात घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीत आणि नोकरीत असताना. पुढची दहा-एक वर्षं दोन्ही चालू. मग त्यांनी लांबलचक रजा घेतली, त्या रजेत फिरून फोटो काढले आणि त्यानंतर नोकरी सोडली. निजामाच्या दरबाराचं काम, 'राजा' ही पदवी, सिकंदराबाद आणि मुंबईचे स्टुडिओ ही सगळी पुढची गोष्ट.

दुसऱ्या टोकाला शिकागोची व्हिव्हियन मायर. साधारण चाळीस वर्षं लोकांची मुलं सांभाळण्याचं काम केलं आणि फिरता फिरता लाखाच्या वर फोटो काढले. बहुतेक कुणाला दाखवलेच नाहीत. २००७ मध्ये तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा ते लोकांसमोर यायला लागले आणि २००९ मध्ये ती गेली. नोकरीने तिचे फोटो अडवले नाहीत. पण आपले फोटो लोकांना किती आवडतात हे तिला कळलंच नाही, याची मला फार हळहळ वाटते. मुठेकाठची, तुम्ही चाळीस फोटो नेऊन दाखवलेत, ते फार चांगलं केलंत.

लेखी विचारा कंपनीला, बिनपगारी रजा मिळते का. सोडण्याआधी रजा.

---

मुठेकाठची | ५ फेब्रुवारी, रात्री १०.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. परतीचा_पाऊस, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. प्रामाणिक उत्तर असं की निम्मा धागा काढला असता. दुसरा प्रश्न राहिला नसता कदाचित, पण पहिला राहिला असता.

जुना_रोल काका, शनिवारी जाते आहे. कॅमेरा न काढता.

---

मुठेकाठची | २२ मार्च, रात्री ९.१५

सहा शनिवार झाले. (एक चुकला, मुलीला ताप होता.) पहिले दोन खरंच कॅमेरा काढला नाही. पहिल्या दिवशी कुठे बघावं, कुठे उभं राहावं, हेही कळेना. दुसऱ्या शनिवारी एका आजोबांनी पाट सरकवून दिला. त्यांच्याकडून कळलं की ठोके तळापासून वर गोल गोल चढत जातात आणि मध्येच थांबलं तर लय मोडलेली भांड्यावर दिसते, म्हणून रांग पूर्ण होईपर्यंत कुणी फोन उचलत नाही, कुणाशी बोलत नाही. हे मला माहीत नसतं तर मी नेमकी त्याच वेळी 'जरा इकडे बघा' म्हणाले असते.

नऊ फोटो जोडते आहे. मोकळेपणाने सांगा.

---

जुना_रोल | २३ मार्च, सकाळी ७.००

चहा घेत घेत पाहिले. एकेक घेतो.

१ आणि २, दाराकडे तोंड करून काढलेत. मागचा उजेड जास्त, माणूस काळा पडला. तू दाराकडे पाठ कर किंवा दार बाजूला येईल अशी बस. मग गालावर एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली येईल, सुरकुत्या बोलायला लागतील.

३, नक्षीचा जवळून काढलेला फोटो. नीट आहे. पण हा त्या भांड्याचा फोटो आहे आणि भांडं त्यांनी केलं आहे. तुझं त्यात काय, हा प्रश्न मी स्वतःला आयुष्यभर विचारत आलो.

४. हा थांबून बघितला. हातोडी हललेली, डावा हात अगदी स्थिर, अंगठ्याच्या नखात तांब्याची काळी रेघ. शटर १/३० असावं. हा फोटो पहिल्या शनिवारी निघाला नसता.

५, ६ सोड. तेच ते आहे.

७ मध्ये पाय कापलेस. हा माणूस पायाने भांडं धरून काम करतो, पाय त्याचं हत्यार आहे. हत्यार कापायचं नाही.

८ चांगला आहे, पण डावीकडची प्लास्टिकची निळी बादली आधी डोळ्यात जाते. ती हलवायची नाही, आपण हलायचं. एक पाऊल उजवीकडे.

९. आजोबा काम झाल्यावर बोटं मोडत बसलेत, मागे नात दप्तर पाठीला लावून दारातून आत येते आहे. तिच्या अंगावर बाहेरचं ऊन, त्यांच्या अंगावर आतला अंधार. हा तुझा आहे. त्या गृहस्थांनी डिसेंबरात जो मागितला होता तो हा.

---

उजेडवाट | २३ मार्च, सकाळी ९.४५

९ नंबर पाहून अंगावर काटा आला. ४ आणि ९ छापून घ्या, चार बाय सहाचे का होईना, आणि घरात भिंतीवर महिनाभर लावून ठेवा. पडद्यावर न दिसलेल्या चुका भिंतीवर दिसतात.

---

कवडीपाट | २३ मार्च, रात्री १०.३०

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, थंडीतले रविवार नदीवरच जातात. चक्रवाक उडताना १/२००० च्या खाली जमत नाही, तुमचं काम वेगळं आहे. पण मोजमापाची एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पांढरा बगळा दिला तर त्याला करडा करतो, काळा पाणकावळा दिला तरी करडाच करतो. म्हणून पांढऱ्यासाठी एक्स्पोजर मुद्दाम वाढवायचं, काळोख्या खोलीसाठी कमी करायचं. वारीच्या वेळी उपयोगी पडेल, तिथे सगळीकडे पांढरंच असतं.

आणि मेच्या मध्यावर दुपारी बाहेर फोटो काढू नका. पुण्यात त्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सरळ उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी नाहीशी होते. माणसाच्या डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. त्या दिवसांत घरातलं, दुकानातलं काढा, किंवा फोटो निवडत बसा.

---

मुठेकाठची | १३ जुलै, रात्री ११.०५

मधल्या काळात लिहिलं नाही, पण शनिवार चालू राहिले. दहाचे सतरा झाले.

पालख्या पुण्यात मुक्कामी होत्या तेव्हा दोन दिवस रजा घेतली. नाना पेठेत आणि भवानी पेठेत फिरले. आधीची मी असते तर रथ, गर्दी, भगव्या पताका काढल्या असत्या. या वेळी पाय आपोआप रस्त्याच्या कडेला वळले. तिथे चप्पल शिवणारे कारागीर वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देत होते. त्यातल्या एकांच्या शेजारी सकाळी सात ते अकरा बसले. कवडीपाट, धोतरं आणि सदरे बघून एक्स्पोजर जवळजवळ एक स्टॉप वाढवलं, पांढरं पांढरंच आलं. धन्यवाद! जुना_रोल काका, पाय कुठेही कापले नाहीत.

एक आजी वहाण शिवून होईपर्यंत अनवाणी उभ्या होत्या, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. रस्ता तापला होता. मी कॅमेरा उचलला आणि मग खाली ठेवून त्यांना माझी चप्पल पुढे केली. तो फोटो राहिला. त्याचं वाईट वाटत नाही, पण तो डोळ्यासमोरून जातही नाही.

नोकरीबद्दल. एप्रिलमध्ये तीन महिन्यांची बिनपगारी रजा लेखी मागितली. नाही म्हणाले. मग रात्रीचे कॉल नसलेल्या टीममध्ये बदली मागितली, ती जूनमध्ये मिळाली. आता आठवड्यात दोन दिवस घरून काम असतं. स्वतःचा आरोग्य विमा काढला. वर्षभराच्या खर्चापैकी आठ महिन्यांचे पैसे बाजूला पडलेत.

---

परतीचा_पाऊस | १४ जुलै, सकाळी १०.२०

आणि बदलीनंतर मनात काय आहे?

---

मुठेकाठची | १४ जुलै, रात्री १०.००

बसचा राग गेला. कामाचा कंटाळा तसाच आहे. पण आता तो नुसता कंटाळा आहे, त्यामुळे त्याच्याकडे शांतपणे बघता येतं. फेब्रुवारीत सोडलं असतं तर मी लग्नाचे फोटो काढायला गेले असते, कारण पैसे तिथेच आहेत असं वाटत होतं. उजेडवाट यांच्याबरोबर मे महिन्यात दोन लग्नांना मदतनीस म्हणून गेले. (त्यांनी नेलं याबद्दल फार आभारी आहे.) दोन्ही दिवशी काम नीट झालं आणि दोन्ही दिवशी मला कळलं की हे माझं नाही. मला ओळखीच्या माणसांना काम करताना बघायचं असतं, पुन्हा पुन्हा जाऊन.

---

उजेडवाट | १४ जुलै, रात्री १०.४०

खरं आहे. हात चांगला आहे तुमचा, पण सप्तपदी चालू असताना तुम्ही आचाऱ्यांकडे जाऊन बसला होतात. ते फोटो नवरीच्या आईला सगळ्यांत जास्त आवडले, हे सांगायचं राहून गेलं होतं.

---

बिनधास्त_पेठकर | १५ जुलै, दुपारी २.१०

मी फेब्रुवारीत 'सोडा' म्हणालो होतो. ९ नंबरचा फोटो पाहिल्यापासून वाटतंय की तेव्हा सोडलं नाहीत ते बरं झालं. नोव्हेंबरात मात्र पुन्हा विचारणार आहे मी.

---

मुठेकाठची | १९ ऑगस्ट, रात्री ९.५०

नोव्हेंबरात विचाराच. राजीनामा द्यायचा झाला तर तीन महिन्यांची नोटीस आहे, म्हणजे निघायला फेब्रुवारी उजाडेल. तोवर दोन कामं हातात आहेत. आळीतल्याच एका घराला त्यांच्या भांड्यांचे फोटो हवेत, विक्रीसाठी. पैसे ठरवून घेतले, कमी नाही सांगितले. करारात उजेडवाट यांची ओळ घातली आहे. दुसरं एका हातमाग कारागिरांचं, अजून बोलणी चालू आहेत. दोन्ही मिळून माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढे होतात. पोट भरण्याइतकं नाही, पण दोघंही आपणहून आले.

आज मात्र वेगळ्या कारणाने लिहिते आहे. गणपतीत आळीतल्या मंडपाच्या कडेला दोरीवर माझे वीस फोटो लावायचं ठरलं आहे. ज्यांचे आहेत त्यांच्याच दारात. आजोबांना मोबाइलवर ४ नंबर दाखवला तर म्हणाले, "हा ठोका तिसऱ्या रांगेतला. शेवटच्या रांगेचा काढ, तिथे हात हलका पडतो." म्हणून परवा पुन्हा जाते आहे.

काका, छपाई कशावर करू? आठ बाय बारा पुरेल का? आणि पाऊस आला तर?

---

जुना_रोल | २० ऑगस्ट, सकाळी ६.४५

मॅट कागदावर कर. चमकदार कागदावर मंडपाचे दिवे उमटतात आणि बघणाऱ्याला फोटोऐवजी दिवाच दिसतो. आठ बाय बारा ठीक, पण ९ नंबर बारा बाय अठरा कर, तो लांबूनही दिसू दे. आधी एकच छापून बघ, छापल्यावर सावल्या पडद्यापेक्षा गडद येतात. प्रत्येक फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटव, नाहीतर दमट हवेत कडा वळतील. वर पत्रा आहे तिथपर्यंतच दोरी बांध, बाजूने प्लास्टिकचा पडदा सोडायचा आणि रात्री फोटो उतरवून घरात ठेवायचे. माझं घर दोन मिनिटांवर आहे, तिथे ठेव.

लाकडी चिमटे माझ्याकडे शंभर आहेत, डार्करूमचे. प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता घेऊन येतो. स्टूल तू आण.